संगणकाचे ऐकून घ्या

मुलांनो, घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. ती म्हणजे वाट पाहणे! सकाळी कासारवडवलीहून ठाणे स्टेशनकडे निघालेली बस वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा करत कापूरबावडीपर्यंत येते आणि तिथे जी थांबते ती थांबतेच. रस्ता तसा चांगला रुंद आहे. मग अडते कुठे? तर शाळेच्या बसेस, ऑफिसच्या मोटारी, रिक्षा, टेम्पो या सगळ्यांना एकाच वेळी बाहेर पडायचे असते. एकेक गाडी आली तर कुणाचीच अडचण नाही. सगळ्या एकदम आल्या की कुणीच हलत नाही.

आमच्या सोसायटीत कुणाचा संगणक रुसला की मला बोलावणे येते. मी काही संगणकाचा मोठा डॉक्टर नव्हे. पण पंचवीस-तीस वर्षे या यंत्राशी झटापट केल्यामुळे त्याच्या खोड्या थोड्याफार ठाऊक झाल्या आहेत. "काका, सुरू व्हायला एवढा वेळ का लागतो हो?" असे मुलांनी विचारले, की मी त्यांना खिडकीतून खालचा रस्ता दाखवतो.

पण आधी हे समजून घेऊ, की बटण दाबल्यावर आत होते काय?

तुमची शाळा सकाळी कशी भरते ते आठवा. सगळ्यात आधी शिपाईकाका येतात. ते कुलूप काढतात, दिवे लावतात, सगळे ठाकठीक आहे ना ते बघतात. मग मुख्याध्यापक येतात आणि शाळेचा ताबा घेतात. मग मुलांचा लोंढा येतो. संगणकाचेही तसेच. त्याच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक छोटी चिप असते. तिच्यातला कार्यक्रम हा आपला शिपाईकाका. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. तो हजेरी घेतो. मेमरी आहे? हजर. कीबोर्ड आहे? हजर. डिस्क आहे? हजर. कुणी गैरहजर असेल तर तो पडद्यावर तसे लिहितो किंवा 'पीं पीं' असा आवाज काढतो. हजेरी झाली की तो डिस्कवरचे विंडोज शोधतो आणि किल्ल्या त्याच्या हातात देतो. विंडोज म्हणजे मुख्याध्यापक. ते आले की त्यांच्या मागोमाग इतर कार्यक्रम आत शिरतात. हा मुलांचा लोंढा.

या सगळ्या प्रकाराला 'बूट होणे' म्हणतात. हा बूट म्हणजे पायातलाच बरं का! उंच बुटांना एक पट्टी असते. ती धरून बूट ओढून पायात चढवायचा. 'आपल्याच बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणे' असा इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे. संगणकही कुणाच्या मदतीशिवाय स्वतःलाच उठवतो, म्हणून त्याला ते नाव पडले.

आता सांगा, उशीर कुठे होतो? शिपाईकाकांपाशी, मुख्याध्यापकांपाशी, की मुलांच्या लोंढ्यापाशी? हे न पाहताच आपण म्हणतो, "कॉम्प्युटर स्लो झालाय!" हे म्हणजे "पोट दुखतंय" एवढेच डॉक्टरांना सांगण्यासारखे झाले.

ही सगळी हकिगत मला ज्यांच्यामुळे नीट सांगता येते, त्या आमच्या इमारतीतल्या बाई. चौथ्या मजल्यावर राहतात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडकडच्या शाळांत त्यांनी आयुष्यभर शिकवले, म्हणून आम्ही मोठी माणसे त्यांना 'बाई' म्हणतो आणि मुले 'आजी'. नोकरीच्या गावी शाळा सुटली की बाई वही घेऊन बायाबापड्यांकडे जाऊन बसत आणि जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत. अशा वह्यांचा गठ्ठाच त्यांच्याकडे जमला होता. पुढे त्या कल्याणला राहायला आल्या आणि २६ जुलै २००५ चा तो पाऊस आला. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडे कल्याणमध्येही सखल भागांतल्या घरांत पाणी शिरले. बाईंचे घर तळमजल्यावर होते. वह्या भिजल्या. बाईंनी पानन् पान सुटे करून दोरीवर वाळवले. जेवढे वाचता आले तेवढे टाइप करण्यासाठी त्या निवृत्तीनंतर संगणक शिकल्या. एमएस-सीआयटीच्या वर्गात आपणच सगळ्यांत म्हाताऱ्या होतो, हे त्या अजून हसत सांगतात. पानांचा पुढे भुगा झाला. सहाशेवर ओव्या उरल्या त्या फक्त संगणकात. ज्यांनी त्या म्हटल्या होत्या त्या बायकाही आता बहुतेक हयात नाहीत.

बाईंचा संगणक बरेच दिवस रेंगाळत होता. त्याचा त्यांनी स्वतःपुरता उपायही काढला होता. बटण दाबायचे, स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावायचा आणि तीन शिट्ट्या झाल्या की परत यायचे! पण २०२३ च्या पावसाळ्यात एका सकाळी कुकर झाला, भात निवला, तरी संगणक उठला नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ. 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.' म्हणजे, पुन्हा सुरू करा आणि योग्य डिस्क निवडा.

बाईंनी एका दुकानात फोन लावला. ती ओळ वाचून दाखवली. तिकडून उत्तर आले, "आजी, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅट मारणे म्हणजे काय, ते ठाऊक आहे ना? डिस्कवरचे सगळे पुसून पाटी कोरी करणे.

बाई जिना उतरून माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांच्यामागे समोरच्या घरातली आठवीतली मुलगीही आली. ही मुलगी प्रश्न फार विचारते. मोठ्या माणसांना कधी कधी त्याचा कंटाळा येतो. त्या दिवशी मात्र तिच्या एका प्रश्नानेच काम झाले.

"आजी, ही ओळ यायच्या आधी काही आलं होतं का?"

"आधी?" बाई म्हणाल्या, "आधी काळ्यावर पांढरं असं काहीतरी येतं खरं. एफ-२ दाबा म्हणतं. मी दाबते. मग हे."

"कधीपासून येतं?"

"परवा रात्री दिवे गेले होते ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पण बाळ, घड्याळ मात्र आठ-पंधरा दिवस मागेच पडत होतं हो!"

मुलीने संगणक बंद करून पुन्हा लावला आणि पहिली ओळ दिसताच मोबाइलवर तिचा फोटो काढला. त्यात लिहिले होते : 'सीएमओएस डेट-टाइम नॉट सेट.' म्हणजे संगणकाची तारीख आणि वेळ पुसली गेली आहे. खाली दोन पर्याय होते. एफ-१ दाबून सेटिंग उघडा, नाहीतर एफ-२ दाबून मूळची, कारखान्यातली सेटिंगे घालून पुढे जा.

मुलांनो, इथेच सगळे कोडे सुटले. कसे ते पाहा.

मदरबोर्डवर साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, चपटा सेल असतो. सीआर २०३२ हे त्याचे नाव, ३ व्होल्टचा. संगणकाची वीज पूर्ण बंद असते तेव्हा आतले घड्याळ याच सेलवर चालते. जुन्या संगणकांत शिपाईकाकांनी लक्षात ठेवायच्या चार गोष्टीही याच सेलच्या जिवावर टिकतात. बाई विजांच्या भीतीने रोज रात्री भिंतीवरचा स्विच बंद करत. सवय चांगलीच, पण त्यामुळे सेलला रोज रात्रपाळी! इतक्या वर्षांनी तो दमला. आधी घड्याळ मागे पडू लागले, मग एक दिवस सगळेच विसरले.

आणि विसरण्यासारखी एक महत्त्वाची गोष्ट त्यात होती. बाईंच्या मुलाने पूर्वी कधीतरी संगणकात दुसरी डिस्क बसवली होती. विंडोज होते नव्या डिस्कवर, पण पहिल्या जोडणीवर होती जुनी. 'आधी नवी डिस्क उघड' असे शिपाईकाकांना सांगून ठेवलेले होते. एफ-२ दाबले की ती सूचना पुसली जाई. काका बिचारे जुन्या डिस्कचे दार उघडत, आत मुख्याध्यापक नाहीत असे पाहत आणि तक्रार लिहीत, योग्य डिस्क निवडा!

विंडोज उडाले नव्हते. डिस्क गेली नव्हती. ओव्या होत्या तिथेच होत्या. दुकानातल्या मुलाला तरी दोष कसा द्यायचा? त्याला शेवटची ओळ तेवढी सांगितली गेली होती. शेवटची ओळ सांगते, संगणक कुठे अडला. पहिली ओळ सांगते, बिघडायला सुरुवात कुठून झाली. फॉरमॅट मारला असता तर सेल तसाच मेलेला राहिला असता, आणि ओव्या मात्र गेल्या असत्या.

आम्ही एफ-१ दाबले. तारीख घातली, नवी डिस्क पहिल्या नंबरवर आणली, एफ-१० दाबून ते साठवले. पडद्यावर विंडोजची खूण आली आणि ठिपके गोल गोल फिरू लागले. बाई दारातच उभ्या होत्या. आत यायला तयार नाहीत. फाइल उघडून ओव्या दिसल्या तेव्हा त्या आल्या, खुर्चीत बसल्या आणि थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत.

"आता काय करायचं, काका? सेल आणू?" मुलगी उठलीच.

"सेल उद्या. आधी प्रत."

संगणक एकदा सुरू झाला म्हणून पुन्हा होईलच असे नसते. म्हणून पहिले काम ओव्यांची फाइल एका पेनड्राइव्हवर आणि एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे. फाइलबरोबर आम्ही तिचा मराठी फॉन्टही उतरवला. आता आपण युनिकोडमध्ये लिहितो, त्यामुळे मराठी मजकूर कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसतो. पण त्या काळच्या बऱ्याच मराठी फॉन्टचे तसे नव्हते. तो फॉन्ट नसेल, तर तीच फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो! पुढे महिनाभर त्या मुलीने आणि बाईंनी मिळून सगळ्या ओव्या युनिकोडमध्ये पुन्हा उतरवून काढल्या. एक वाचायची, दुसरी टाइप करायची.

दुसऱ्या दिवशी सेल बदलला. वायर भिंतीतून काढून ठेवली आणि मगच पेटी उघडली. हे काम घरातले मोठे माणूस जवळ असल्याशिवाय करायचे नाही. आणि काढलेला सेल धाकट्या भावंडांच्या हाती लागू द्यायचा नाही. असा सेल गिळला गेला तर जिवाशी बेतते, लगेच दवाखाना गाठावा लागतो.

आता राहिला तो रेंगाळण्याचा प्रश्न. मुलीने घड्याळ लावले. बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत दीड मिनिट. आणि तिथून माऊस नीट हलायला लागेपर्यंत नऊ मिनिटे! म्हणजे शिपाईकाका आणि मुख्याध्यापक निर्दोष. अडवणूक होती मुलांच्या लोंढ्याची, किंवा आमच्या भाषेत कापूरबावडीची.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात 'स्टार्टअप' नावाचे पान असते. संगणक सुरू होताच कोण कोण आपणहून आत शिरते, त्यांची ही यादी. बाईंकडे ती यादी चांगली लांबलचक होती. कधीकाळी घेतलेल्या आणि मग विकलेल्या प्रिंटरचा कार्यक्रम, गाण्यांचा, व्हिडिओ कॉलचा, दोन खेळांचेसुद्धा! त्या सगळ्यांना सकाळी साडेआठलाच बाहेर पडायचे होते.

बाईंच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत होती. म्हणजे सेकंदाला १२०! तरी तिच्यावर वाचणारा काटा एकच हलतो. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन हवे ते वाचायला त्याला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. हे ऐकायला फार थोडे वाटते. पण वीस कार्यक्रमांनी एकदम हजारो तुकडे मागितले तर? काट्याची नुसती धावाधाव होते आणि कुणाचेच काम पुरे होत नाही.

नको असलेल्या नावावर उंदराची उजवी कळ दाबून 'डिसेबल' म्हटले, की तो कार्यक्रम आपणहून उठायचे थांबतो. तो पुसला जात नाही, हवा तेव्हा उघडता येतो. पण व्हायरसपासून जपणारा कार्यक्रम बंद करू नका. ज्याचे नाव ओळखीचे नाही त्यालाही आधी चौकशी केल्याशिवाय हात लावू नका. आणि एका वेळी एकच बदल करा. पाच बदल एकदम केले, तर गुण कुठल्या औषधाने आला ते कळणार कसे?

नवाची चार मिनिटे झाली. पुढे बाईंनी डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घेतली. तिच्यात तबकडी नाही, काटा नाही, सगळे विजेच्या खेळावर. त्यामुळे धावाधावही नाही. आता कुकर लावायच्या आत संगणक तयार असतो.

हे झाले एका घरातले. पण एवढीशी गडबड सगळ्या जगालाही थांबवू शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा कार्यक्रमासाठी पाठवलेल्या नव्या माहितीत चूक होती. ती पोचताच जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. विमाने अडली, रुग्णालयांची कामे अडली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. निळा पडदा पाहिला की वाटते, संपले सगळे! पण बऱ्याच यंत्रांच्या त्या पडद्यावर कुठल्या फाइलपाशी अडले तिचे नावही लिहिलेले होते. जाणकारांनी मागोवा काढला आणि उपाय सापडला. संगणक 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे अगदी जरुरीपुरत्या कार्यक्रमांवर, सुरू करायचा आणि ती चुकीची फाइल काढून टाकायची. फॉरमॅट मारायची गरज नव्हती. मात्र हे काम कित्येक ठिकाणी एकेका यंत्रापुढे बसून करावे लागले.

संगणकाच्या खोड्या लिहून ठेवायची पद्धतही काही आजची नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क २' नावाचा खोलीभर मोठा संगणक तयार होत होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी तो अडला. शोधता शोधता आतल्या एका विजेच्या कळीत अडकलेला पतंग सापडला. पतंग म्हणजे उडणारा किडा बरं का, मकरसंक्रांतीचा नव्हे! यंत्रातल्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणायची पद्धत आधीपासूनच होती. इथे तर खराच किडा निघाला. तिथल्या लोकांनी तो पतंग चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ आणि जागा लिहून ठेवली. ती वही अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवली आहे.

तुम्हीही अशी एक वही करा. शंभर पानीसुद्धा पुष्कळ झाली. तारीख, पडद्यावर काय आले ते शब्दशः, त्याआधी नवे काय घडले होते (नवा कार्यक्रम, दिवे जाणे, पेनड्राइव्ह तसाच राहून जाणे) आणि आपण काय केले, एवढे चार रकाने. ओळ समजली नाही तर फोटो काढा. मग 'रीस्टार्ट' करून बघा. ही गंमतही लिहून ठेवा : अलीकडच्या विंडोजमध्ये 'शट डाउन' केल्यावर थोडा भाग पुढच्या वेळेसाठी जपून ठेवला जातो, 'रीस्टार्ट'मध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. डिस्कमधून 'टक टक' असा आवाज आला तर मात्र प्रयोग थांबवा, संगणक बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आणि पडद्यावर 'तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा' असे आले तर? फोन मुळीच करायचा नाही! मायक्रोसॉफ्ट आपल्या खऱ्या संदेशात फोन नंबर कधीच देत नाही. तो लुबाडणाऱ्यांचा सापळा असतो. आई-बाबांना आणि विशेषतः आजी-आजोबांना हे आजच सांगा.

आणि येत्या रविवारी एक काम नक्की करा. घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तुमचं असं काय आहे, जे फक्त एकाच ठिकाणी ठेवलेलं आहे?" कुणाचे लग्नाचे फोटो असतील, कुणाचा हिशेब, कुणाच्या कविता. संगणक चांगला चालतो आहे तोवरच त्याची दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या जागी ठेवा. चौथ्या मजल्यावरच्या ओव्यांची एक प्रत आता त्या मुलीच्या कपाटात आहे. ती म्हणते, "काका, माझ्याकडे शहापूरच्या कितीतरी आज्या राहायला आल्यात!"